बुडालं तरी काय?

नयनदादा,
मस्कतच्या विमानतळावर बॅगेवर बसून राह्यलेल्या भावा,

हे पत्र तुले पाठवणार नाही, इथलं काई तुले कळू द्याचं नाही अशी मायनं शपथ घातली हाये. पण त्या कंपनीवरचा राग मी काढू तरी कोणावर?

आज सकाळी तुया फोन आला. कंपनी बुडाली, सारे विमानं बंद, दुसऱ्यात जागा नाही, आपल्या प्रेरणाताईच्या लग्नाले येणं होत नाही. माया डोक्यात सणकच गेली. मी अंगणातूनच ओरडली, "माय वं, दादाची विमान कंपनी बुडाली!"

मायनं मधातलं 'कंपनी' ऐकलंच नाही.

तिनं असा हंबरडा फोडला का सत्यशीलाकाकू पिठाच्या हातानं धावत आली. मी सांगून राह्यली, पण रडारडीत कोण ऐकते? अर्धी फुलसावंगी लग्नाच्या मांडवात येऊन रडली. लग्नाले जमत नाही म्हणणारी उमरखेडची आत्या बी एसटी पकडून आली!

कंपनीनं तुले काय लिहिलं? 'गैरसोयीबद्दल क्षमस्व.' गैरसोय म्हणे!

शेवटी तू विमानतळावरून पाठवलेला फोटो मायले दाखवला, तवा ती थांबली. लोकं हसत घरी गेले. डोळे पुसून माय म्हणे, "पोरगा तं बरा हाये. मंग बुडालं तरी काय?"

"सुट्टी बुडाली, माय. दोन सालानं भेटलेली."

माय पुन्हा रडली. या खेपेले आवाज नव्हता, म्हणून कोणी आलं नाही.

तुयी चिडलेली बहीण,
अर्पिता