स्वल्प बन्नूर

३ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णा सकाळपासून पेपरवर हात आपटतोय. सरकारचा नियम येऊ घातलाय, मटण कुठलं ते लिहायचं. परदेशातून आलेलं असेल तर देश, इथलं असेल तर जिल्हा. दुकानांना, हॉटेलांना, सगळ्यांना. अजून मसुदाच आहे. हरकती असतील तर पुढच्या महिन्यात सुनावणीत सांगा म्हणे.

"ताटातल्या मटणाचं गाव विचारणार हे! उद्या त्याचे आईबाप विचारतील!"

मी म्हटलं, आपलं काय जातंय? आपलं तर लिहिलेलंच आहे. बाबांनी उभं राहून रंगवून घेतलेली पाटी, 'बन्नूर मटण, रोज ताजं'. बन्नूरची मेंढी बुटकी, गोल, पण नाव काढलं की म्हैसूरपासून इथं बेंगळूरपर्यंत लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं. त्या नावावर आम्हा बहीणभावाचं मिलिट्री हॉटेल, म्हणजे मटणाची खानावळ, इतकी वर्षं उभं आहे.

अण्णा आत जाऊन आचाऱ्यावर खेकसला, खिम्यात मीठ जास्त झालंय म्हणून. मीठ बरोबर होतं.

९ फेब्रुवारी, सोमवार

हॉटेल बंद. दुपारी हॉटेलवाल्यांच्या संघाची सभा. अण्णा सेक्रेटरी, म्हणून मलाही ओढून नेलं. वडा बरा होता, चहा पाणचट.

अण्णाचं भाषण मात्र झकास झालं. कन्नडात बोलायला लागला की त्याच्या अंगात येतं. "आमचे पूर्वज महाराष्ट्रातून साडेतीनशे वर्षांपूर्वी या मुलखात आले. आजवर आमच्या कपाळावर कुणी चिठ्ठी चिकटवली नाही. मेंढीच्या कशाला चिकटवता?" टाळ्याच टाळ्या. सुनावणीला संघातर्फे अण्णानंच बोलायचं, असं ठरलं.

परत येताना ऑटोवाल्यानं विचारलंच, "अक्का, तुमचं गाव कुठलं?"

अण्णा म्हणाला, यशवंतपूर.

"ते झालं हो. मूळ गाव?"

मला हसू आवरेना. अण्णानं तोंड रस्त्याकडे वळवलं.

खरं सांगायचं तर मला नियम पटतो. साबणाच्या वडीवर कुठं बनली ते छापलेलं असतं, मग पोटात जाणाऱ्यावर का नको? पण हे अण्णासमोर बोलायची सोय नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

शिवरात्र. गावभर मटणविक्री बंद. नेमकी रविवारीच आली, चालायचंच.

घरात उपासाची भगर, आणि टीव्हीवर तासभर मटण. एक पुढारी म्हणतो, आपल्या मातीतलंच खा, बाहेरचं ओळखू येऊ दे. दुसरा म्हणतो, हा गरीब खाटकांना हटवायचा डाव आहे. दोघं एकदम ओरडतात. मधे यशवंतपूरला रेल्वेतून उतरणाऱ्या मटणाच्या थंड पेट्या दाखवल्या, चारचारदा त्याच. मेंढ्या पाळणारं एकही माणूस त्या चर्चेत नव्हतं. अण्णाला म्हटलं, तर म्हणाला, "तू भगर खा."

१८ फेब्रुवारी, बुधवार

अण्णाच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. नीट झालं. चुलीजवळ जायचं नाही, वाकायचं नाही, धूर टाळायचा. लहान पोरासारखं तोंड करून बसलाय. हॉटेलातून लांब राहायची सवयच नाही त्याला.

मटणाची खरेदी आजवर कुणाला करू दिली नाही त्यानं. आता मीच जाणार. दोन दिवसांचं मटण त्यानं आधीच आणून ठेवलंय, त्यामुळे परवा.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

पहाटे शिवाजीनगरच्या बाजारात. सय्यदभाईंकडे. बाबांच्या वेळेपासून मटण त्यांच्याच दुकानातून येतं. चांगला माणूस. मला स्टूल दिलं, चहा मागवला.

मटण तोलून झालं. मग त्यांनी वेगळी एक छोटी पुडी बांधली. चार तुकडे असतील नसतील.

"हे काय?"

"ये बन्नूर का है अक्का. अण्णा रोज अलग लेते."

"मग हे मोठं पोतं कुठलं?"

सय्यदभाई माझ्याकडे बघतच राहिले. राजस्थानचं, म्हणाले. कधी आंध्रचं. बन्नूरचं एवढं येतंच कुठे आता? त्यांना वाटलं होतं मला माहीत असेल.

माझा चहा तसाच राहिला.

रोज सकाळी मोठ्या पातेल्यात पहिला तुकडा अण्णा टाकतो. दुसऱ्या कुणी टाकायचा नाही. डोळे मिटून टाकतो, मग बाकीचं मटण. मला आजवर वाटायचं, देवाचं काहीतरी आहे. आचारीसुद्धा त्या वेळी टोपी काढून उभा राहतो!

ता.क. आज ते चार तुकडे मीच टाकले. टाकू नये तर काय करू? गिऱ्हाईक बाहेर बसलेलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

अण्णाला विचारलं. सरळच. नाकारलं नाही त्यानं.

म्हणाला, "बाबा जाताना एवढंच बोलले, विमे. पाटी खोटी पडू देऊ नको. सगळं बन्नूर घालणं जमेना. मिळेना. मग म्हटलं, थोडं तरी. विरजण लागतं तेवढं."

"विरजणानं दुधाचं दही होतं. राजस्थानची मेंढी बन्नूरची होते काय?"

एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं माझ्याकडे बघत बसला. मला संताप आला होता. मी गल्ल्यावर बसून हजारदा सांगितलंय लोकांना, बन्नूरच आहे हो, डोळे मिटून खा. मला आधी सांगायला काय झालं होतं? आणि तरी त्याचं ते तोंड बघून हसू आलं. दोन्ही एकदम. जेवले नाही रात्री.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

गौडा सर, आमचं जुनं गिऱ्हाईक, बँकेतून रिटायर. आज चॉप्स खाता खाता म्हणाले, "अक्का, बन्नूरची चव ती बन्नूरचीच. गवताचा वास येतो बघा."

मी ताटातल्या नाचणीच्या मुद्द्याकडे बोट केलं, आणखी एक गोळा हवा का विचारलं.

अण्णाला सांगितलं, सुनावणीला जाऊ नको. म्हणतो, शब्द दिलाय. नियम आला तर पाटी उतरवावी लागणार हे त्याला कळतंय. म्हणूनच एवढा तापतोय. पाटी गेली म्हणजे बाबा गेले, असं काहीतरी आहे त्याच्या डोक्यात.

४ मार्च, बुधवार

सुनावणी. सरकारी हॉल, पंखे बंद. आमच्या संघाचे लोक एका बाजूला, मेंढपाळ दुसऱ्या बाजूला, मधे अधिकारी.

अण्णा काळा चष्मा घालून बोलला. तेच, चिठ्ठी, कपाळ, साडेतीनशे वर्षं. टाळ्या.

मग समोरून एक बाई उठली. गौरम्मा नाव. बन्नूरच्या बाजूच्या खेड्यातली. मेंढ्या पाळते. आवाज न चढवता बोलली. "या शहरात जिकडे तिकडे आमच्या गावाचं नाव रंगवलंय. आमच्या दारात कुणी येत नाही. मेंढ्या मी एकेक करून विकत चाललेय. इथे बसलेल्यांपैकी आमचं मटण घेतं तरी कोण?"

आमच्या बाजूला सगळे खाली बघायला लागले.

अण्णाचा हात वर गेला.

मी त्याचा सदरा ओढला. तोवर उभाही राहिला होता. सगळं सांगून टाकलं त्यानं. पुडी, पहिला तुकडा, बाबांचा शब्द, विरजण. हॉल हसला. आमचे अध्यक्षसुद्धा हसले, मग त्यांच्या लक्षात आलं काय झालं ते, आणि त्यांचं तोंड आंबट झालं. अण्णाचे कान लाल. माझा भाऊ तो, मला त्या हसणाऱ्यांना चांगलं झापावंसं वाटलं.

गौरम्मा हसली नाही. बाहेर पायरीवर गाठ पडली. अण्णा म्हणाला, मी रोज घेतो, एक दिवस चुकवला नाही.

ती म्हणाली, "खरं आहे अण्णा. पण तेवढ्यानं तुमची पाटी जगली. माझ्या मेंढ्या कशा जगतील?"

रागानं नाही म्हणाली. म्हणूनच जास्त लागलं.

६ मार्च, शुक्रवार

अण्णानं सेक्रेटरीपद सोडलं. सोड असं कुणी म्हणायच्या आत सोडलं, हे बरं केलं.

येता जाता पाटीकडे बघतो फक्त.

११ मार्च, बुधवार

पेपरात आतल्या पानावर चार ओळी. दोन्ही बाजूंचा विचार करून निर्णय नंतर. म्हणजे नियम आलाही नाही, गेलाही नाही. एवढा आरडाओरडा करून!

मी म्हटलं, सुटलास अण्णा, राहू दे पाटी.

म्हणाला, "नियमासाठी उतरवणार नव्हतोच मी."

मग कशासाठी उतरवणार होता, ते विचारलं नाही मी.

१४ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी चुलीची परवानगी दिली. अण्णा सकाळी हॉटेलात. पहिला तुकडा टाकला. मग बाहेर आला, पाटीखालच्या फळ्यावर, जिथं आपण रोजचे पदार्थ लिहितो, तिथं सगळ्यांत वर खडूनं लिहिलं. कन्नडात, मोठ्या अक्षरात.

आजचं मटण राजस्थान. स्वल्प बन्नूर.

मी हसून हसून बेजार. आचारी आत पळाला. पण अण्णा गंभीर. "खरं आहे ना? मग राहू दे."

गौडा सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. मला वाटलं, आता जातात. आत येऊन बसले. म्हणाले, "अक्का, मला ते स्वल्पातलं वाढा." वाढणार कुठून, पातेलं एकच!

दोघं तिघं मात्र वाचून परत गेले. खोटं कशाला लिहू.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. गुढी उभारली. पुरणपोळी, चित्रान्न म्हणजे कैरीचा भात. समोरच्यांकडून बेवू-बेल्ल आलं, कडुनिंब आणि गूळ. अण्णा उद्याच्या तयारीत. उद्या होसतोडकू, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं बेंगळूर मटण खातं. वर्षातली सर्वांत मोठी गर्दी.

२० मार्च, शुक्रवार

सय्यदभाईंच्या दुकानापुढे तोबा गर्दी. अण्णा आणि मी दोघं गेलो. राजस्थानचं हवं तेवढं मिळालं. बन्नूरचं नाही. एक तुकडाही नाही. सय्यदभाई हात जोडून म्हणाले, मोठ्या घरांतल्या लोकांनी काल संध्याकाळीच उचललं.

हॉटेलात आलो. पातेलं तापलेलं. आचारी टोपी काढून उभा. अण्णा रिकाम्या हातानं चुलीपुढे उभा राहिला. मी आजवर त्याला असं पाहिलं नव्हतं. बाबा गेले तेव्हाही नाही. मग म्हणाला, "घाला रे," आणि बाहेर गेला.

फळ्यावरची 'स्वल्प बन्नूर' ही ओळ हातानंच पुसली. फडका शोधला नाही. दिवसभर तळव्याला खडू तसाच होता.

गर्दी नेहमीसारखीच झाली. बिर्याणी दुपारीच संपली.

२२ मार्च, रविवार

कालही मिळालं नाही, आजही नाही. सय्यदभाई म्हणतात, आता सांगता येत नाही. फळ्यावर नुसतं राजस्थान. वर पाटी, बन्नूर मटण, रोज ताजं. खालून वर वाचणारे हसतात.

मी म्हटलं, अण्णा, झाकू या का कापडानं?

नको म्हणाला. सुनावणीत गौरम्मानं गावाचं नाव सांगितलं होतं, ते त्याच्या लक्षात आहे. उद्या सोमवार, हॉटेल बंद. तिच्या दारात जाऊन यायचं म्हणतोय.

"मेंढ्या उरल्या असतील तर?"

"तर आठवड्यातून एक दिवस का होईना, सगळं पातेलं तिचं. पाटीवर तो वार लिहून घेऊ."

"आणि नसतील तर?"

अण्णानं गड्याकडून शिडी मागवली आणि पाटीखाली उभी करून ठेवली. मी दोघांचा डबा भरून ठेवलाय. पहिल्या बसनं निघायचं.