थंडघरातल्या कुड्या

३ मार्च, मंगळवार

पोचले एकदाची. लोधिवलीच्या पुढे रस्ता डोंगराकडे वळतो, तिथून दहा मिनिटं. रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, बाई, त्या काचंच्या घरात तुमचं काय काम? भूगोल शिकवायचाय, म्हटलं. आता तरी शाळा सुटू द्या की, म्हणाला. मला हसू आलं.

स्वराज माझा जुना विद्यार्थी. सातवीत असताना नकाशातल्या नद्या डोंगरावर चढवायचा. आता त्याने पाच मोठी काचघरं बांधलीत आणि प्रत्येकात पृथ्वीवरचा एकेक प्रदेश वसवलाय. सदाहरित जंगल, गवताळ माळ, वाळवंट, सूचिपर्णी अरण्य आणि टुंड्रा. जूनमध्ये शाळांच्या सहली सुरू होतील, तोवर मी मराठी पाट्या लिहायच्या. आपलं पानझडीचं रान मात्र कुंपणाबाहेर राहिलंय. ऐन, पळस, खाली सुक्या पानांचा खच. स्वराज म्हणतो, ते काय, रस्त्यावरून दिसतंच, त्याला कशाला काच?

लेकीला, हर्षलाला, फोन केला. एप्रिलच्या शेवटी तिची तारीख आहे. पंचवीसला मी ठाण्याला जाणार. बाळाची पहिली आंघोळ माझ्या हातची, हे कधीच ठरलंय.

५ मार्च, गुरुवार

आज टुंड्रा. इथे सगळे त्याला थंडघर म्हणतात. दोन दारं, मध्ये छोटीशी खोली. बाहेरचं दार लागल्याशिवाय आतलं उघडत नाही, म्हणजे थंडी बाहेर जात नाही.

आत पाऊल टाकलं आणि पाचगणीच्या कॉन्व्हेंटमधली डिसेंबरची सकाळ समोर उभी राहिली. निळे ब्लेझर, तोंडातून निघणारी वाफ, प्रार्थनेला उशीर झाला म्हणून सिस्टर बर्नाडेटने गार बोटांनी धरलेला माझा कान. किती वर्षांनी आठवलं. जमिनीवर शेवाळ, दगडफूल, आणि वीतभर उंचीचं विलो. तेवढंच त्याचं झाड. वारा आणि थंडी त्याला वर येऊच देत नाहीत.

झाडलोट करणाऱ्या सोनुबाई बरोबर होत्या. आतल्या दाराशी त्यांनी पदराची गाठ सोडली, चिमटीने राख काढली आणि कपाळाला लावली. मलाही पुढे केली. त्यांच्या शेतातल्या राबाची. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, ऐनाची पानं, शेण, गवत पसरून, त्याची राख. म्हणाल्या, बाई, आमी परक्या हवेत आपली राख लावल्याबिगर पाय नाय टाकत. पयल्याच पावलाला लावायची, मागनं नाय चालत.

मी नाही लावली. बाहेरची माती, राख आत आली तर शेवाळाला कीड लागेल. ही शिस्त मलाच लावायची आहे. त्यांना पुडी बाहेर टाकायला लावली आणि हात धुवायला सांगितले. तेव्हापासून थंडघरात यायचंच त्यांनी थांबवलं. बाहेरूनच काच पुसतात.

१४ मार्च, शनिवार

एक्केचाळीस अंश. माझ्या खोलीवर पत्रा आहे, दुपारी बसवत नाही. टेबल थंडघरात हलवलं. शाल, थर्मासमधला चहा, आणि मी. दिवसभर आतच.

सोबतीला दोन ससे आहेत, कर्जतच्या बाजारातून आणलेले, साधे, लांब कानांचे. पाटीवर मी लिहिलंय, थंड प्रदेशात प्राण्यांचे कान आखूड असतात, म्हणजे अंगातली ऊब टिकते. वाळवंटात कान लांब, म्हणजे ऊब निघून जाते. पहिल्या सहलीतली मुलं बरोबर या सशांकडे बोट दाखवून मला खोटं पाडणार.

वाळवंटघर येसाजी सांभाळतात. मोहोपाड्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कुणाचेही आजोबा वाटावेत असे शांत. त्यांचे कान फारच मोठे. उन्हात उभे राहिले की आरपार लाल दिसतात. सोनुबाई म्हणतात, येसाजीभाऊ, वारा सुटला तर उडून जाल, आमाला सांगून तरी जा. तेही हसतात. डबा खातात, पण पाणी पिताना मी त्यांना पाहिलेलं नाही.

२९ मार्च, रविवार

शाल घेणं विसरले आणि दिवसभर आठवलीही नाही.

सशांचे कान मला आखूड वाटताहेत. रोज पाहून असं वाटत असेल. पट्टीने मोजून ठेवले.

७ एप्रिल, मंगळवार

सशांचे कान दोन बोटं कमी झालेत. पट्टी तीच.

आज आईच्या मोत्याच्या कुड्या घालायला घेतल्या. उजवी बसेना. फिरकी लागायला पाळीत जागाच उरत नाही. वयाने कातडी आक्रसते म्हणतात. पण वयाने कान लोंबतात ना? आईचे लोंबले होते.

बाहेर जेवायला गेले तर ताटावरच भोवळ आली. ऊन बाधलं असणार. परत आत आले आणि लगेच बरं वाटलं.

१३ एप्रिल, सोमवार

सशीला पिल्लं झाली, चार. सकाळी पाहिली तेव्हा कान कोवळ्या पानांसारखे लांबट होते. संध्याकाळी आखूड.

त्यांच्या आईला महिना लागला. पिल्लांना एक दिवस.

१६ एप्रिल, गुरुवार

ऑफिसच्या भिंतीवर सगळ्यांचा फोटो आहे, गेल्या वर्षीच्या उद्घाटनाचा. येसाजींना शोधत होते. सापडेनात. मग शर्टावरून ओळखले.

कान लहान आहेत. माझ्यासारखेच. म्हणजे माझे होते तसे.

त्यांना विचारायला वाळवंटघरात गेले. दारातच गरम हवेने भोवळ आली, पुढे जाता येईना. त्यांनी आतूनच सांगितलं, बाई, मी पावसाळ्यात एकदा घरी गेलो होतो. बायकोने पाणी दिलं आणि मला ते गिळता येईना. हवाच ओली, श्वास जाईना. तेव्हापासून इथंच हाय. त्यांनी मला माझे कान दाखवायला सांगितलं नाही. नुसते बघत राहिले.

२५ एप्रिल, शनिवार

बॅग भरून निघाले. फाटकापर्यंत चाळीस पावलं. बाविसावं आठवतंय.

शुद्ध आली तेव्हा थंडघरात होते. सोनुबाईंनी ओढत आणलं. त्या रडत होत्या. म्हणाल्या, बाई, तुमचं अंग कसं गार लागतंय, मी हात लावला तर पोळला मला.

फाटक उघडंच होतं. कुणी अडवलं नाही.

२७ एप्रिल, सोमवार

मुलगी झाली. हर्षलाचा फोन होता. म्हणाली, आई, तू वचन दिलं होतंस.

कामाचं कारण सांगितलं. दुसरं काय सांगू?

४ मे, सोमवार

स्वराजला फोन केला. तो म्हणाला, मिस, तुम्हाला तिथे इतकं आवडतंय हे ऐकून बरं वाटलं. येसाजींचं म्हटलं तर म्हणाला, उत्तम माणूस, सुट्टीच मागत नाही.

डॉक्टर पाठव म्हटलं. डॉक्टर बाहेर बोलावतात. कोट घालून आत यायला तयार नाहीत.

आता मीच सोनुबाईंकडे राख मागितली. काचेतून. त्या म्हणाल्या, राब आता नांगरला, राख मातीत गेली. आणि बाई, तुमचं पयलं पाऊल तर कवाच पडलं.

१९ मे

बोटं आखूड झालीत. लग्नातली अंगठी कापल्याशिवाय निघणार नाही. दंडावर पांढरी लव, दाट. झाडायला गेले तर माझीच.

लिहायला पेन नीट धरता येत नाही.

ससे माझ्याजवळ झोपतात. ते घाबरत नाहीत.

२८ मे

हर्षलाचा फोन. सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन इकडेच येते म्हणाली. येऊ नकोस म्हटलं. म्हणाली, रुसलीस का? मी म्हटलं, इथली हवा तान्ह्या बाळाला चांगली नाही. ती हसली. म्हणाली, आई, तूच तर सांगायचीस, पाचगणीच्या थंडीने तुझं आयुष्य घडलं.

मग फोन बंद पडला. थंडीत बॅटरी टिकत नाही. चार्जर खोलीत. पत्र्याखाली.

३ जून

सोनुबाईंनी बांधाच्या कडेने चाळून चाळून राख जमवली. एक चिमूट. मधल्या खोलीत ठेवली, मी आत घेतली.

एका चिमटीत एकच माणूस, म्हणाल्या. बाई, तुमाला लागू पडंल का ठाऊक नाय, पण लावून बघा.

लावणार होते. हात थांबला. सव्वा महिना उद्या संपतो. ठेवून दिली.

५ जून

काचेतून रिक्षा दिसली. हर्षला उतरली. पिवळं दुपटं.

मी हातवारे केले, जा, जा. तिनेही हात हलवला.

सोनुबाई धावल्या, मधे उभ्या राहिल्या. हर्षला काहीतरी बोलून बाजूने आली — बाहेरचं दार —

बाहेरचं दार लागलं. ती मधल्या खोलीत आहे.

पाठ आतल्या दाराला लावून लिहितेय, वही गुडघ्यावर. ती ठोठावतेय. म्हणतेय, आई, पुरे झाला खेळ, नातीला बघ तरी. मी सांगतेय, उघडू नको. माझा आवाज तिला कळत नाही बहुतेक — मलाही नीट कळत नाही —

दाराच्या छोट्या काचेतून बाळ दिसलं. कान माझ्या आईचे. पाळी लांब, मऊ. कुड्या शोभतील —

दाराची मूठ धरवत नाही. बोटं पुरत नाहीत कडीला. दार हलतंय.

पुडी उघडली. एकच चिमूट, आणि त्या दोघी. बाळाला लावते, बाळालाच, पहिल्या पावलाआधी — म्हणजे हर्षला —

हर्षला, तू तिथेच थांब, फक्त तिला पुढे कर, मी कपाळाला एवढं लाव