माझ्या मापाचा पतंग

४ मार्च

टिटवीला शिष्य मिळेना, म्हणून मलाच पकडलं! "आजी, तू बस."

नातीला मी टिटवी म्हणते. ओहोटी लागली की वाळूवर पळत सुटते आणि सारखी ओरडत असते. दुसरं काय म्हणायचं? तिथे त्यांचा क्लब आहे. तीन चाकांची बुटकी गाडी, तिच्यात बसायचं, हातात मोठ्या पतंगाच्या दोऱ्या धरायच्या, आणि पतंग गाडीला ओढत नेतो. बग्गी म्हणतात तिला. घोडा नाही, लगाम तेवढा आहे!

टिटवीला तिथे शिकवायची नोकरी हवी आहे. क्लबच्या मास्तरांची अट अशी — आधी एक कोरा माणूस तयार करून दाखव. त्याने आपल्या मापाचा पतंग आपला आपण निवडायचा, वाळूत रोवलेल्या दोन काठ्यांना वळसा घालून एकट्याने परत यायचं. तो आला तर ही पास. नाही आला तर हिने आईच्या ऑफिसात फायली लावायला जायचं. तसं घरात ठरलंय.

सूनबाई म्हणाली, "पतंग उडवून कुणाचं पोट भरलंय?" मग माझ्याकडे बघून, "आणि आई, तुम्ही? या वयात?"

त्या 'या वयात'मुळे मी हो म्हटलं. नाहीतर नसतं म्हटलं.

५ मार्च

गुडघे दुखतात. पण खेळ बसून खेळायचा आहे. बसण्यात मी कुणाला हार जायची नाही.

७ मार्च

पहिला धडा. पतंग कागदाचा नसतो. कापडाचा असतो, वारा भरला की उशीसारखा फुगतो. चार दोऱ्या, दोन मुठी. वरच्या दोऱ्या ओढतात, खालच्या आवरतात. मुठी सोडल्या की पतंग गपकन खाली. "हे आधी शिक आजी, बाकीचं नंतर." सोड, धर, सोड, धर — हात दुखून आले.

मग पिशव्या दाखवल्या. दोन मीटर, तीन मीटर, पाच, सात. मी म्हटलं, दोन मीटरमध्ये धड खिडकीचा पडदा होत नाही! जन्मभर लोकांचे पडदे शिवले, आणि ही मला मीटर शिकवते. तर म्हणे लांबी नाही, एकूण कापड किती ते. चौरस मीटर. बरं बाई.

"वारा जोराचा तर पतंग लहान. वारा मंद तर मोठा. माणूस जड तर मोठा, हलका तर लहान. आणि नवशिक्याने एक माप खालचंच घ्यायचं."

सगळं उलटंच! शिवणात वीतभर कापड जास्तच घ्यावं. जास्तीचं दुमडता येतं, कमी पडलेलं आणणार कुठून? अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात. इथे वारा पाहून अंथरूण पसरायचं.

८ मार्च

क्लबात एक दातवाला आहे. दातांचा डॉक्टर होता, आता दवाखाना मुलाला देऊन मोकळा झालाय. माणूस म्हणजे कपाट. सात मीटरचा उडवतो आणि गाडीतून जरासुद्धा हलत नाही. मी दोन मीटरच्या पतंगाच्या दोऱ्या सोडवत होते तर म्हणाला, "काय आजीबाई, रुमाल वाळत घातलाय?"

म्हटलं, "हो. तुमचं नाक पुसायला."

पण लागलं मनाला. तो दोन मीटरचा निळा आहे आणि त्याच्यावर बदकं काढली आहेत. बदकं! शाळेतली पोरं घेतात तो. तीन मीटरचा बघा कसा — लालभडक, वर एक रेघ नाही.

१० मार्च

उद्या वजन करणार. क्लबात प्रत्येक नवशिक्याचं वजन फळ्यावर खडूने लिहितात, त्यावरून पतंग ठरतो. या वाऱ्यात पन्नासच्या आत असलात तर बदक. पन्नासच्या वर लाल.

घरी काट्यावर उभी राहिले. चव्वेचाळीस! एके काळी पासष्ट होते. कुठे गेलं कोण जाणे. जाताना सांगून तरी जायचं.

११ मार्च

बावन्न!! टिटवीने स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहिलं.

स्वेटरच्या खिशात दार अडवायचे दोन लोखंडी ठोकळे. आतल्या खिशात कापड कापायची मोठी कात्री. आणि कमरेला नाडीने बांधलेली कोळशाची जुनी इस्त्री. वरून दुसरा स्वेटर. चालताना खणखण व्हायला लागलं.

टिटवी म्हणाली, "काय वाजतंय गं?"

म्हटलं, "गुडघे."

१२ मार्च

आज लाल! वारा हळू होता. टिटवी बाजूने पळत होती, "वर धर, वर, आता डावीकडे!" आणि गाडी निघाली की! आधी कुरकुरली, मग सुटली. चाकांखाली ओली वाळू सरसर करते आणि पाणी एकदम जवळ येतं. गुडघे गेल्यापासून तिथपर्यंत गेलेच नव्हते.

घरात पडदा उडाला की मी उठून चिमटा लावत असे. आज पडद्याने मला उडवलं.

इस्त्री कमरेत फार रुतते. जांभळा डाग पडलाय.

१४ मार्च

पडले.

काही मोडलं नाही. कोपर सोललंय, कानात वाळू गेलीय. इस्त्री टोचते म्हणून आज घरीच ठेवली होती, ठोकळेही. आणि आजच वारा चढला. लाल पतंगाने असा हिसका दिला की गाडी आडवीच घसरायला लागली. चाकं एकीकडे, मी दुसरीकडे. टिटवी मागून ओरडतेय, "सोड! आजी, सोड!" आणि मी सोडीना. हातातलं कापड सोडायची सवयच नाही. गाडी कलंडली, मी वाळूवरून फरफटत. मग कुठे मुठी सुटल्या.

मास्तर धावत आले. दातवालाही आला, त्याने कलंडलेली गाडी सरळ केली. मास्तरांनी मला काखेत हात घालून उचललं आणि उचलता उचलताच थांबले. खुंटीवरचा कोट उचलावा तशी मी वर आले होते. मान वळवून फळ्याकडे बघितलं.

"बावन्न?"

मी कानातली वाळू काढायला लागले.

तर ते टिटवीला म्हणाले, "साधं वजन घेता येत नाही. तू दुसऱ्याचा जीव काय सांभाळणार?" परीक्षा रद्द.

पोरगी पतंग गुंडाळायला लागली. मला बोलायला हवं होतं.

१५ मार्च

टिटवी जेवली नाही. क्लबचा काटा घरी घेऊन आलीय. त्याच्यावर चढते, उतरते, पिठाचा डबा ठेवून बघते. "काटा तर बरोबर आहे गं आजी, मग माझं चुकलं कुठे?"

सूनबाई म्हणाली, "जाऊ दे आता. सोमवारपासून चल माझ्याबरोबर." खुशीत म्हणाली नाही, एवढं तिच्या बाजूने लिहायला हवं.

उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी माझी ख्याती. आज जीभ टाळ्यालाच चिकटून बसली.

१६ मार्च

गेले क्लबात. एकटी, रिक्षा करून. मास्तर दोऱ्यांच्या गाठी सोडवत बसले होते. त्यांच्या टेबलावर एकेक वस्तू मांडली. ठोकळा. ठोकळा. कात्री. शेवटी इस्त्री. टेबल वाजलं.

"हे काय?"

"आठ किलो."

त्यांनी इस्त्री उचलून हातात तोलून बघितली. मला वाटलं हसतील. हसले नाहीत.

"आजी, वजन वाढवायचं तर गाडीला बांधतात. आणि बांधलं तर दर वेळी बांधतात. एक दिवस आहे, एक दिवस नाही — असं वजन माणूस मारतं."

"मग मला बोला. पोरीची चूक नाही."

"आहे. तिने तुमचे खिसे बघायला हवे होते."

"आजीचे खिसे कोण बघतं?"

"मास्तर बघतो," म्हणाले. मग दोऱ्यांकडे बघत, "तेवीस तारखेला या दोघी. परत संधी नाही."

घरी येऊन टिटवीला सांगितलं. आधी तिला कळेचना. मग असा आवाज चढवला! "तू मेली असतीस आजी!"

म्हटलं, "मेले असते तर तुझी नोकरी गेली असती. तेवढंच वाईट झालं असतं."

"गप्प बस!"

आयुष्यात पहिल्यांदा मला गप्प बस म्हणाली. बसले.

१७ मार्च

पोलिसासारखी झडती घेतली कार्टीने. खिसे, कंबर, मोजेसुद्धा! मग काट्यावर उभं केलं. फळ्यावर चव्वेचाळीस लिहिलं, हा एवढा मोठा आकडा. दातवाल्याने वाचला. म्हणाला, "माझं एक पाऊल तेवढं असेल."

"तरीच चालताना जमीन हादरते," म्हटलं.

आजपासून बदक.

१९ मार्च

बदक चावत नाही. वारा पडला की पतंगाने हवेत इंग्रजी आठ आडवा काढायचा, वर-खाली, वर-खाली. मग त्यालाच थोडी ओढ येते. शिवणाच्या मशीनचं पायडल सारखं मारावं लागतं तसंच. थांबलात की शिवण थांबली.

टिटवी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलते. "डावीकडे." "सैल." "उतर."

२२ मार्च

उद्या. सूनबाईने तिच्या ऑफिसात विचारून ठेवलंय, खुर्ची रिकामी आहे म्हणून. रिकामीच राहो.

२३ मार्च

बोटं अजून मुठीसारखी वळलेली आहेत, अक्षर वाकडं येईल. येऊ दे.

त्यांच्यात रीत आहे. परीक्षेच्या दिवशी माणूस पतंग निवडतो तेव्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही. पतंग वाळूवर पसरायचा, काठावर ओंजळभर वाळू टाकायची, म्हणजे निवड पक्की. मग मास्तर येऊन बघणार. तोवर सगळे मुके.

मी वारा मोजायचं यंत्र वर धरलं. ताशी सतरा किलोमीटर. मग एकदम अठ्ठावीस. मग परत अठरा. वारा आज विरलेल्या कापडासारखा, एका जागी घट्ट, एका जागी जाळी. सतरा म्हणजे माझ्या वजनालाही लालचा वारा. अठ्ठावीस म्हणजे बदकाचा. आता घ्या!

लाल पिशवी उचलली. खरंच उचलली. सतरावर बदक जागचं हलणार नाही, अर्ध्या वाटेत बसून राहीन, आणि मग टिटवीच्या फायली. दातवाला हाताची घडी घालून उभा. टिटवीकडे बघितलं, तर ती माझ्याकडे पाठ करून समुद्र बघत होती. चेहऱ्यावरून मला काही कळू नये म्हणून. शहाणी माझी!

विरलेल्या कापडाचं माप विरलेल्या जागी घ्यावं, हे मला ठाऊक आहे. वाऱ्याचं माप त्याच्या जोराच्या जागी घ्यायचं, हे माझ्या कोपराला ठाऊक आहे. लाल खाली ठेवला. बदक पसरलं, वर वाळू टाकली.

मास्तर आले, बघितलं, बाजूला झाले. बस, एवढंच.

निघाले. निघाले म्हणजे काय, सरकले. पहिल्या काठीपर्यंत एक कुत्रं माझ्या बाजूने चालत होतं. मग कंटाळलं आणि पुढे निघून गेलं! काठीला वळसा घातला आणि वारा एकदम पडला. गाडी थांबली. दवाखान्यात नंबराची वाट बघावी तशी बसले. मागे कुणीतरी हसलं. मी आठ काढत राहिले. खांदे भरून आले, काढत राहिले. चाक वीतभर हललं. परत वीतभर.

दुसरी काठी आली आणि मागून दणका! अठ्ठावीस काय, जास्तच असेल. बदक ताठ झालं, दोऱ्या शीळ घालायला लागल्या, गाडीचं एक चाक उचललं. मुठीवरची बोटं मी आपणहून सैल केली, सोडायची तयारी. पण बदकाने तेवढंच ओढलं जेवढं मला पेलतं. वळले आणि सुसाट! कुत्र्याला मागे टाकलं. जाताना त्याला काय म्हटलं ते लिहीत नाही.

लाल असता तर आज ही रोजनिशी दुसऱ्या कुणीतरी लिहिली असती.

थांबले. मास्तर आले. आधी माझे खिसे चाचपले! रिकामे. मग टिटवीला हाक मारली आणि तिच्या अंगावर शिकवणाऱ्यांचं नारिंगी जाकीट फेकलं. तिने ते झेललं आणि माझ्या गळ्यात पडून अशी ओरडली की खरी टिटवी लाजेल. कान अजून वाजतोय.

दातवाला टाळ्या वाजवत होता. "रुमाल जिंकला!"

सूनबाईला घरी सांगितलं. ती म्हणाली, "हं."

२४ मार्च

'हं' अजून चालू आहे. रात्री जेवताना फक्त एकदा तोंड उघडलं, "वाळूत चाकं रुतत नाहीत का?" खोचक बोलण्यात ही मला मागे टाकणार. टिटवीने खरं समजून सगळं उत्तर दिलं, चाकांच्या रुंदीसकट. भोळी आहे.

२९ मार्च

टिटवी कामावर गेल्यावर सूनबाई माझ्या खोलीत आली. दार लावून घेतलं. खाटेच्या काठावर बसली, पदर नव्हता म्हणून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, तिथे वजन खरंच सांगावं लागतं का हो?"