अम्मींचं गोल बटण

मंगळवार संध्याकाळ, तबूक

फसवलं. दुसरा शब्दच नाही.

सासूबाईंच्या, म्हणजे अम्मींच्या, खोलीतली फरशी खालून विजेवर तापते. तिचा थर्मोस्टॅट निवडायला अम्मींना मीच दुकानात नेलं होतं. मोतीबिंदूमुळे त्यांना स्क्रीन दिसत नाही, म्हणून साधा, गोल बटणाचा घेतला. अम्मींनी डोळे मिटून तो फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "हाच. फजरला उठले की माझी मीच लावीन." बसवला ह्यांनीच. हे इलेक्ट्रिशियन, मग दुसऱ्याला कशाला बोलवायचं?

आज दुपारी अम्मींनी बटण फिरवलं, तरी फरशी गारच. मी साइटवर ह्यांना फोन केला. हे सहज बोलून गेले, "थांब, इथून चालू करतो."

इथून?

मग खरं बाहेर आलं. भिंतीवरच्या बटणाला वायरच जोडलेली नाही. फरशी चालते ती ह्यांच्या मोबाइलवरून. "अम्मी विसरतील, फुलवर ठेवतील. त्यांचं समाधान झालं ना?" आणि वर मलाच, "खलास, आता विषय नको."

अख्खा हिवाळा ती बाई पहाटे उठून रिकामं बटण फिरवतेय! आणि मलाही पत्ता नाही. या घरात माझ्या हातातलं काय काय असंच असेल?

अम्मींना सांगायचंच, असं ठरवून मगरिबच्या नमाजनंतर त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी बटण थोडं मागे फिरवलं, फरशीवर पाऊल टेकवलं. "बघ, जरा जास्त झालं होतं. आता बरोबर."

मी म्हटलं, "हो अम्मी. आता बरोबर."