रेकॉर्ड अडकायची ती जागा

अकोले
२१ एप्रिल २०२५

ती. दादास,
आरतीचा सा. न. वि. वि.

आई एकदा म्हणाली होती, ही रेकॉर्ड वाजती तवर तुझा बाप माझा न्हाई. उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती आणि हसत होती. आता ती गेल्यावर उलटंच झालं. सुतकात रेकॉर्ड वाजायची तेवढा वेळ ती गेल्याचं विसरून, ती स्वयंपाकघरात आहे असं समजून आण्णा शांत बसायचे. सुतकात बाजा कसला म्हणून कडूबाई मावशी बोलली, तरी तू वाजवू दिलीस, हे मी विसरणार नाही.

सविता वहिनीला रागावू नकोस. तेराव्यानंतर सगळं घर धुतात, तशी तिने रेकॉर्डही साबणाने धुऊन गच्चीवर पत्र्याला टेकवली. उन्हात ती पापडासारखी वाकेल हे तिला कोण सांगणार?

पुण्यात जुन्या रेकॉर्डवाल्याकडे तिचीच दुसरी प्रत मिळाली. तोच डोळे मिटून ट्रम्पेट फुंकणारा माणूस कव्हरवर. कारखान्यात मशिनरी बसवायला आलेल्या अमेरिकन साहेबाने जाताना आमच्या फिटर आण्णांना जॅझ दिला, बॉयलरचा आवाज कानातून जायला त्यांना हाच लागतो, असं सांगितलं तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. पार्सल पाठवते आहे. उन्हात ठेवू नका, एवढंच.

फोनवर माझा आवाज ऐकला की आण्णा आई समजून बोलायला लागतात, म्हणून लिहिते. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
आरती


राहाता
२ मे २०२५

चि. सौ. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

रेकॉर्ड नीट पोचली. सविताने हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला. आण्णांनी कव्हर कुरवाळलं. लावली तशी मांडीवर बोटं वाजवायला लागले. मला वाटलं, जिंकलो.

जुनी जिथं अडकायची ती जागा तुला आठवते का? आईने एकदा चिडून पिन ओढली होती, तिचा ओरखडा होता तो. तेच तेच वाजायला लागलं की आई पिठाच्या हातानं बाहेर यायची, उठायला काय हुतंय ओ आळशी माणसा, म्हणायची आणि बोटानं पिन पुढं ढकलायची. मग परत आत.

नवी अडकली नाही. सरळ पुढं गेली. आण्णा दाराकडं बघत राहिले. आईचं नाव घेऊन, लंका का आली न्हाई, म्हणाले. मी ती जागा परत लावली. परत पुढं गेली. मग मी खरं सांगून टाकलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखं रडले.

आता रोज विचारतात आणि रोज नव्यानं रडतात. घास गालात धरून बसतात, गिळत नाहीत. पाणी चमच्यानं. डॉक्टर म्हणतात, नाकातून नळी घाला, नाहीतर घरीच ठेवा. मी नळी नको म्हणालो. रेकॉर्ड कपाटावर ठेवलीय. आता काही पाठवू नको. सवड काढून भेटून जा.

आमच्यावर राग धरू नको.

तुझा,
अजिनाथ


अकोले
७ मे २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचलं. नळी नको म्हणालास, बरं केलंस. मीही तेच म्हणाले असते.

पण मला नुसतं भेटून परत यायचं नाही. आण्णांना इकडे आण, ती नवी रेकॉर्ड आणि प्लेअरही आण. ती जागा मला ऐकून माहीत आहे. तिथे मी पिनेने ओरखडा पाडीन. अडकली की स्वयंपाकघरातून पिठाचे हात घेऊन येईन, त्यांना आळशी म्हणेन, पिन ढकलीन आणि जाताना एक घास भरवीन. माझा आवाज आईचाच आहे. सविता वहिनीला हे करायला कसं सांगू? सासऱ्यापुढे मेलेल्या सासूचं सोंग कोणती सून घेईल?

हे खोटं आहे, मला कळतं. पण तुझ्या खऱ्यानं ते रोज विधुर होतात, दादा. घास नाही गिळला तरी चालेल. ती आत आहे असं समजून जाऊ देत.

पोरगा जिवंत असताना बाप लेकीच्या दारात मेला, असं गावात म्हणतील. मयतीला आलेले लोक माझ्याकडे नाही, तुझ्याकडे बघतील. तू नाही म्हणणार, हे पत्र लिहितानाच मला ठाऊक आहे. नाही म्हणालास तरी बहीण म्हणून जवळ ठेव.

आण्णांना माझ्याकडे पाठव.

आरती