बाबलीमामांची हरकत

मालवण,
ता. १२ फेब्रुवारी १९५९

तीर्थरूप बाबलीमामा, मुक्काम वालावल, यांच्या पायांवर धाकटा भाचा गुरुदास याचे डोके.

आपला दमा, रुक्मिणीमामींचे गुडघे आणि थोरल्या बैलाचा खूर कसा आहे ते कळवावे. (बैलाचे आधी कळवलेत तरी मामी रागावणार नाहीत, त्यांना सवय आहे.) इकडे सर्व क्षेम. मामा, परवाना मिळाला. तो आपल्यामुळे मिळाला, हे लिहिताना हसू येते आणि भरूनही येते.

बेळगावाहून जुनी लॉरी आणली तेव्हा मला वाटले, झाला धंदा सुरू. मग कळले, की लॉरी कोणीही घ्यावी, पण लोकांचा माल भाड्याने न्यायचा तर सरकारी परवाना लागतो. अर्जाला दाखला जोडला, तर रस्त्याचा नकाशा राहिला. नकाशा आणला, तोवर दाखला जुना झाला. वर्षभर लॉरी फणसाखाली उभी. हौद्यात कोंबडीने दोनदा पिल्ले काढली (तिचा धंदा माझ्यापेक्षा बरा चालला). शिमग्यापर्यंत परवाना आला नाही, तर लॉरी विकून मी मुंबईला गिरणीत जायचे ठरले होते. तुमच्या भाचेसुनेने, सावित्रीने, माझी ट्रंक पुसून ठेवली. पुसताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

त्यात नोटीस निघाली, की कोणाची हरकत असल्यास कळवावी. हरकत एकच आली, ती तुमची. तुमच्या चार बैलगाड्या त्याच रस्त्यावर चालतात, तेव्हा तो तुमचा हक्कच. तरी दोन दिवस मी घरात तुमच्याविषयी जे बोललो, ते सगळे या पत्राने परत घेतो.

सुनावणीला तुम्ही लग्नातला काळा कोट घालून आलात. साहेबांनी विचारले, हरकत काय ती सांगा. आता तुम्ही पडलात गावाचे गाऱ्हाणे घालणारे. चाळीस वर्षे प्रत्येकाच्या वतीने देवापुढे उभे राहून बोलता, आणि गाऱ्हाण्यात काही वगळायचे नसते. सुरुवात तुम्ही कचेरीच्या मराठीत केलीत, पण दुसऱ्या वाक्याला गावी पोचलात. बंदरावर उतरलेली कौले, मीठ, सुके बांगडे, वालावलचे नारळ, काजू, कोकमे. कुठला माल किती दिवस पडून राहतो, काय कुजते, पावसात गाडी कुठे रुतते, बैलाचा खूर कुठल्या चढावर दुखावला, सगळे आले. माझ्या अर्जात याजागी ‘माल पुष्कळ आहे’ एवढेच होते. कारकून खाली मान घालून लिहून घेत होता.

शेवटी तुम्ही हात जोडलेत आणि दर गाऱ्हाण्याला म्हणता तसे म्हणालात, “आणि ह्या माझ्या भाच्यान जो धंदो हाती घेतललो आसा, तेका यश दी रे म्हाराजा.”

दारातला पट्टेवाला आपल्याच मुलखातला. गाऱ्हाण्याला सगळा गाव ओ देतो तशी ओ देत तो म्हणाला, “व्हय म्हाराजा.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि ही हरकत आहे की शिफारस, असे विचारले. तुम्ही कोट सावरून खाली बसलात. आठव्या दिवशी परवाना आला.

सावित्री म्हणते, चाळीस वर्षे गाऱ्हाणे घालणारा माणूस कोणासाठी काय मागतो ते विसरत नसतो. मी विचारणार नाही, तुम्ही सांगणार नाही. ट्रंकेत आता लॉरीची हत्यारे ठेवली आहेत. मामा, तुमचे उपकार मी विसरणार नाही.

आपला, घरीच राहिलेला भाचा,
गुरुदास

ता. क. गाड्या विकू नयेत. लॉरी मोठ्या रस्त्यापर्यंतच येते. तिथून वाडीवाडीत माल पोचवायला तुमच्याच गाड्या लागणार.

आणखी एक. बेळगावला दुसरी लॉरी पाहिली आहे, सोमवारी अर्ज करतो. नोटीस निघेल तेव्हा कृपा करून वेळेवर हरकत घ्यावी. कोटाला इस्त्री मी करून आणतो. शेवटचे वाक्य तेवढे विसरू नये.