मुंगसाचं नाव

१२ जाने., सोम.
शाळेतून आले तर नवा कोंबडा पेरूखाली मरून पडलेला. गंगाखेडच्या बाजारातून आणून आठच दिवस झाले होते. नवीन पाखरू तीन आठवडे वेगळं ठेवायचं, हे मला पक्कं माहीत. बचत गटातल्या बायांना मीच सांगत असते. दोन दिवस डालग्याखाली ठेवला, लय ओरडायला लागला म्हणून सोडून दिला. परवापासून पिसं फुगवून बसायलेला, हिरवी हागवण. कुणाला न सांगता भिंतीमागं पुरला.
शेजारच्या चंद्रकलानं विचारलं, कोंबडा दिसंना कुठं. मुंगसानं नेला, म्हणाले. पटकन तोंडातून गेलं.

१४ जाने., बुध.
संक्रांत. चंद्रकला काठी घेऊन सकाळपासून अंगणात. मुंगूस येईल म्हणून. तिच्या सात आणि माझ्या पाच, सगळ्या एकत्रच चरतात. मधे नुसतं तुराट्यांचं कुंपण. तीळगूळ दिला. तिच्याकडं बघवेना.

१७ जाने., शनि.
माझ्या दोन गेल्या. तिच्या तीन माना टाकून बसल्यात. सांगायला पाहिजे होतं. आता सांगून काय

१९ जाने., सोम.
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मानमोडी, म्हणजे राणीखेत. औषध नाही म्हणाले. नवीन पाखरू आणलं होतं का, विचारलं. मी बोलायच्या आत चंद्रकलाच म्हणाली, बाईनं एक कोंबडा आणलता, पण त्याला मुंगसानं नेलं. मग डॉ.नी मला विचारलं, वेगळा ठेवला होता ना? मी हो म्हणाले. तिच्यासमोर.

२३ जाने., शुक्र.
चंद्रकलाच्या सातही गेल्या. लेक बाळंतपणाला यायचीय तिची, फाल्गुनात. तिच्यासाठी अंडी साठवायला सुरुवात करणार होती.
माझी एकटी भुरी वाचली. पण मान उलटी पाठीवर फिरलीय. दाणा टिपायला गेली की कोलमडते. चोच भलत्याच जागी आपटते.

२७ जाने., मंगळ.
भुरीला खोक्यात ठेवलंय, दोन्ही बाजूंनी जुन्या लुगड्याच्या गुंडाळ्या. एका हातानं डोकं सरळ धरायचं, दुसऱ्यानं भिजवलेल्या ज्वारीच्या पिठाच्या बारीक गोळ्या. पाणी ड्रॉपरनं, थेंब थेंब. घाई केली की ठसका. मी शाळेत असते तेव्हा हे सगळं चंद्रकला करते. मी सांगितलं नव्हतं. आपणहून येते. माझ्यापेक्षा हात हलका आहे तिचा.
येऊ नको म्हणायला जीभ रेटत नाही. ये म्हणायलाही नाही.

३० जाने., शुक्र.
डॉ.ना फोन केला. वाचलेल्या पाखरापासूनही रोग लागू शकतो, इतक्यात नवीन पिल्लं आणू नका, म्हणाले. भुरीचं काय करायचं, विचारलं. तुमची इच्छा, म्हणाले.
भुरी आज चार पावलं चालली. मागं मागं, पण चालली.

२ फेब्रु., सोम.
चंद्रकला म्हणाली, वालूरच्या भावाकडून दहा पिल्लं आणायलेय. नको आणू म्हणाले, डॉक्टर नको म्हणतात. भुरीचं डोकं तिच्या हातात होतं. मग खाली बघूनच बोलली,
"बाई, हे माझ्यामुळंच झालंय. चिकनच्या दुकानातलं खरकटं आणून टाकत व्हते मी. तुमच्या कोंबड्याबी तेच खायच्या. म्हणून तर येते रोज हिला चारायला."
आठ-दहा दिवस ही बाई माझं पाप स्वतःचं समजून माझ्या कोंबडीला भरवायलीय.
सांगितलं. कोंबडा आजारी होता. मेला. पुरला. मुंगूस आलंच नव्हतं. डॉक्टरांना खोटं बोलले. सगळं.
ती रडली नाही. हातातली गोळी भुरीला भरवली, पाणी पाजलं, खोक्यात नीट ठेवलं. उठताना एवढंच म्हणाली,
"त्याच दिवशी सांगितलं असतं, तर माझ्या कोंडून ठेवल्या असत्या मी."
आणि गेली.

३ फेब्रु., मंगळ.
आली नाही. मी शाळेत रजा टाकली. भुरीला मी चारलं, अर्धं सांडलं.

४ फेब्रु., बुध.
आज शाळा चुकवता आली नाही. दिवसभर जीव घरी. परतल्यावर आधी भुरीला हात लावला. गळ्याखालची पिशवी गच्च भरलेली. चोच पुसलेली.
तशीच चंद्रकलाच्या दाराशी गेले. आतून कडी. भांडी घासायलेली. हाक मारली.
भांड्यांचा आवाज थांबला.